पायरी पायरीने बारवेत: गावातला वारसा व्हीआरमध्ये आणायचा तर

‘आमच्या गडाचं व्हीआर करायचंय, कुठला हेडसेट घेऊ?’ असा फोन महिन्यातून एखादा तरी येतोच. पलीकडे बहुधा दुर्गसंवर्धनाच्या गटातला एखादा तरुण असतो, नाहीतर झेडपीच्या शाळेतले उत्साही गुरुजी. मी उलट विचारतो, ‘दाखवायचं काय आणि कुणाला?’ मग पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही. हा लेख म्हणजे त्या फोनचं लांबलेलं उत्तर.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. ३६० अंशांचा फोटो म्हणजे एका जागी उभं राहून चहूबाजूंना, वर-खाली, जे जे दिसतं ते सगळं एकाच चित्रात. थ्रीडी मॉडेल म्हणजे वस्तूची अशी प्रतिकृती, जी पडद्यावर बोटाने फिरवून मागून-पुढून पाहता येते. व्हीआर म्हणजे हेच डोळ्यांवर डबा चढवून पाहणं. आणि एआर म्हणजे मोबाईलचा कॅमेरा समोरच्या खऱ्या जागेवर धरला की त्यावर चढलेलं चित्र दिसणं. नवख्याने पहिल्या दोन गोष्टी हाताखालून घालाव्यात. व्हीआर आणि एआर त्यांच्याच जिवावर उभे असतात.

पहिली पायरी: लहान वस्तू धरा

जुलै २०२५मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, विजयदुर्ग असे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी मिळून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून ज्याला त्याला रायगडच करायचाय. करू नका. रायगड करायला माणसं, पैसा आणि परवानग्या असलेल्या संस्था आहेत. तुमच्या गावाच्या वेशीवरचा वीरगळ (लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड), ओढ्याकाठची बारव (पायऱ्यांनी आत उतरायची विहीर), पडक्या वाड्याचा दिंडीदरवाजा करायला मात्र तुमच्याशिवाय कुणीच येणार नाही.

निवडताना एकच कसोटी लावा: साध्या फोटोत काय कळत नाही? काहीच राहत नसेल तर साधा चांगला फोटो काढा आणि घरी जा. तंत्रज्ञान तिथे लागतं जिथे माणूस पोहोचू शकत नाही, किंवा पोहोचला तरी त्याला दिसत नाही.

साताऱ्याजवळ लिंब गावातली बारा मोटेची विहीर घ्या. शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६मध्ये, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४च्या दरम्यान वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. नाव बारा मोटेची असलं तरी पंधरा मोटा लावायची सोय आहे. वरून डोकावलं तर नुसता अष्टकोनी खड्डा आणि तळाशी पाणी. जिना उतरून कमानीखालून आत गेलात, वरच्या छोट्या महालात उभे राहिलात, की मग लक्षात येतं की ही विहीर म्हणजे जमिनीत उलटा उतरवलेला वाडा आहे. गुडघे धरलेल्या माणसाला हे कधीच पाहायला मिळणार नाही. मोटा चालताना कशा दिसत असतील, हे तर धडधाकट माणसालाही दिसणार नाही. ३६० अंशांच्या फोटोंनी पहिली अडचण सुटते, रेखाटन आणि आवाज वापरले तर दुसरी.

मी पुढे जे सांगणार आहे ते मात्र लिंबचं नाही. माण तालुक्यातल्या एका गावात आम्ही चौघांनी एक वीरगळ आणि एक बारव केली, त्यातलं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

दुसरी पायरी: कुणाची परवानगी

जागा केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे की कुणाकडेच नाही, हे आधी पाहा. संरक्षित स्मारक असेल तर निळा किंवा तसाच एखादा फलक बहुधा दारातच असतो. तिथे हातातल्या मोबाईलने फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड लावणं वेगळं. ट्रायपॉड उघडला की परवानगीचा प्रश्न येतो, आणि ३६० अंशांचं काम ट्रायपॉडशिवाय होत नाही. ड्रोनसाठी २०२१चे ड्रोन नियम आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला त्यात सवलती असल्या तरी संरक्षित स्मारकावर उडवायचा तर वेगळी परवानगी लागतेच. खरं सांगायचं तर पहिल्या कामाला ड्रोनची गरज नाही. ड्रोनमुळे काम सुरू होण्याआधी रखडलेलं मी जास्त पाहिलंय.

असंरक्षित जागेसाठी ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, आणि त्याआधी तिथे दिवा लावणाऱ्या माणसाला भेटा. गुरव असेल, शेजारच्या शेताचा मालक असेल, रोज पाणी घालणारी एखादी मावशी असेल. कागदावर हक्क कुणाचाही असो, दगड त्यांचा असतो. आमचा वीरगळ गावाच्या लेखी ‘म्हसोबा’ होता. त्याला ‘हा म्हसोबा नाही, वीरगळ आहे’ असं शिकवायला जाऊ नका. तो दोन्ही आहे.

दगडाला काही म्हणजे काही लावायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासणं, पीठ किंवा रांगोळी भरणं, शेंदूर खरवडणं, तारेच्या ब्रशने शेवाळ काढणं, ही सगळी जुनी खोड आहे. अक्षरं उठवायचा याहून चांगला मार्ग पुढे सांगतो.

तिसरी पायरी: कॅमेऱ्याआधी कान

निदान दोन संध्याकाळी नुसत्या गप्पांना द्या. मोबाईलवर आवाज टिपा, पण विचारून. आणि ‘हे पुढे लोकांना ऐकवलं तर चालेल का?’ हे वेगळं विचारा. दोन्ही प्रश्न एक नव्हेत.

इथे शब्द गोळा करायचे असतात. मोट म्हटलं की पोरांना चामड्याची पिशवी एवढंच माहीत असतं. पण मोटेला जाड नाडा असतो, बारीक सोंदूर असतो, वर चाक असतं, बैल उताराने पुढे-मागे चालतात ती धाव असते, पाणी पडतं ते थारोळं आणि तिथून शेताकडे निघतो तो पाट. हे शब्द हातात आले की दृश्यात कुठे काय दाखवायचं याची यादी आपोआप तयार होते. न आले तर तुम्ही ‘प्राचीन जलव्यवस्थापनाचा उत्कृष्ट नमुना’ असलं काहीतरी लिहिणार, आणि ते कुणीही वाचणार नाही.

आख्यायिका मिळतील. भुयार तर प्रत्येक विहिरीतून किल्ल्यापर्यंत जातंच! आख्यायिका टाकून देऊ नका, पण तिला सांगणाऱ्याच्या तोंडीच राहू द्या. तुमच्या निवेदनाच्या आवाजात ती आली की इतिहास होऊन बसते.

चौथी पायरी: वीरगळाचं थ्रीडी मॉडेल

हे काम मोबाईलवर होतं. तंत्राचं नाव फोटोग्रॅमेट्री. एकाच वस्तूचे अनेक बाजूंनी काढलेले फोटो संगणक ताडून पाहतो, त्यातले तेच तेच बारीक ठिपके ओळखतो, आणि दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते तशी प्रत्येक ठिपक्याची खोली काढतो. सगळं गणित फोटोंवर आहे. फोटो वाईट तर मॉडेल वाईट, पुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा.

वीरगळाची रचना आधी नीट वाचून घ्या. साधारण तीन-चार टप्पे असतात. खालच्या टप्प्यात वीर पडलेला किंवा लढताना, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर कलश. खालचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, कारण मृत्यू कशाने आला ते तिथे असतं. आणि नेमका तोच मातीत गेलेला, झिजलेला, तेलाने माखलेला असतो.

फोटो असे काढा. वस्तूभोवती गोल फिरत दर दोन-तीन इंचांवर एक फोटो, असा कमरेच्या उंचीवरून पूर्ण फेरा. मग गुडघ्याच्या उंचीवरून, मग डोक्यावर हात धरून वरून खाली. लागोपाठच्या दोन फोटोंत निदान तीन चतुर्थांश भाग सारखा असला पाहिजे. त्यानंतर जवळ जाऊन प्रत्येक टप्प्याचे वेगळे. तीन फूट उंचीच्या वीरगळाला आम्हाला सुमारे १४० फोटो लागले. मोबाईलचा प्रकाश आणि फोकस एकदा ठरवून कुलूपबंद करा. नाहीतर तो दर फोटोला आपली अक्कल चालवतो. फ्लॅश नको, झूम नको. शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा, म्हणजे मॉडेलला खरं माप देता येतं.

पहिल्या दिवशी आम्ही सपशेल फसलो. सकाळचे दहा वाजलेले, वर पिंपळ. पानांमधून उन्हाचे कवडसे दगडावर नाचत होते. आम्हाला दृश्य फार सुंदर वाटलं. घरी येऊन मॉडेल केलं तर वीराच्या अंगावर कोड फुटल्यासारखे पांढरे चट्टे, आणि ते कायमचे. शिवाय आदल्या दिवशीचं ताजं तेल चमकत होतं. चमक प्रत्येक कोनातून जागा बदलते, त्यामुळे संगणक गोंधळतो आणि तिथे पृष्ठभागाला खड्डे पाडतो. मग गुरवांना विचारलं, तेल कधी पडतं? शनिवारी आणि अमावास्येला. म्हणून पुढच्या खेपेला शुक्रवारी, ढगाळ दिवस बघून, सूर्य वर येण्याआधी गेलो. वाऱ्याने हलणारं गवतही त्रास देतं. ते हाताने बाजूला धरायला एक माणूस ठेवा, उपटू नका.

पुढचं काम संगणकाचं. पॉलीकॅम किंवा रिअ‍ॅलिटीस्कॅनसारखी मोबाईल अ‍ॅप फोटो घेऊन मॉडेल बनवून देतात. शिकायला तीच बरी. संगणकावर करायचं तर मेशरूम हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, फक्त त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. हललेले-धूसर फोटो आधीच काढून टाका. तयार मॉडेलचा पृष्ठभाग लाखो बारीक त्रिकोण जोडून झालेला असतो, ते मोबाईलवर धापा टाकतं. लोकांसाठी लाख-दीड लाख त्रिकोणांची हलकी प्रत वेगळी काढा आणि मूळ जड प्रत जपून ठेवा. सध्या गॉसियन स्प्लॅटिंग नावाच्या नव्या तंत्राचा बोलबाला आहे. दिसायला ते फारच देखणं असतं, पण माप घ्यायचं आणि झिजलेलं कोरीवकाम वाचायचं तर अजून जुनंच बरं.

आता ती अक्षरं उठवायची युक्ती. मॉडेलचा रंग बंद करा. नुसता राखाडी आकार उरतो. मग पडद्यावरचा दिवा एका बाजूला अगदी कडेला न्या, मावळतीचं ऊन भिंतीवर तिरपं पडावं तसा, आणि हळूहळू फिरवा. आम्ही हे रात्री साडेअकराला करत होतो. खालच्या टप्प्यात आम्हाला आतापर्यंत नुसता खडबडीतपणा दिसत होता. दिवा डावीकडून खाली आला आणि त्या खडबडीतून एक शिंग निघालं. मग दुसरं. मग ओळीने पाच गायींची तोंडं. गुरं वाचवताना पडलेला माणूस होता तो. गावातली गुरं अजून त्याच पिंपळाखालून जातात. गुरवांच्या मुलाला मोबाईलवर हे दाखवलं तेव्हा त्याने दिवा स्वतः फिरवून पाहिला, तीनदा, आणि मग आईला बोलावून आणलं.

लोकांना दाखवताना तयार चित्र देऊ नका. तो दिवा त्यांच्या हातात द्या.

पाचवी पायरी: बारवेचे ३६० अंश

इथे मात्र ३६० अंशांचा कॅमेरा लागतो. इन्स्टा३६० किंवा रिको थीटा ही नावं बाजारात सापडतील. एका बऱ्या मोबाईलच्या किमतीत मिळतो, मोठ्या शहरांत भाड्यानेही मिळतो. पहिल्या कामाला भाड्याचाच घ्या.

उतरण्याआधी जिवाची काळजी. आग्या मोहोळ आहे का, ते दुर्बिणीने किंवा मोबाईल झूम करून आधी बघा. कमानीच्या आतल्या बाजूला असतं. अत्तर, सेंट लावून जाऊ नका. शेवाळलेल्या पायऱ्यांवर अनवाणी किंवा रबरी तळव्याने. एकट्याने कधीच नाही, आणि पोहता येणारा एक माणूस दोर घेऊन वर.

कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, दीड मीटरच्या आसपास ठेवा. त्याहून वर गेला की पाहणाऱ्याला आपण हवेत तरंगतोय असं वाटतं. जागा कमी ठेवा. असे फोटो जोडून पाहणाऱ्याला जागोजागी नेणारी जी फेरी होते, तिच्या आमच्या पहिल्या कच्च्या रूपात बावीस जागा होत्या, शेवटी नऊ ठेवल्या. वरची कड, जिन्याचं तोंड, जिन्याचं वळण, कमान, कोनाडा, पाण्याची पातळी. प्रत्येक जागेचं काही म्हणणं असलं पाहिजे. एका जागेवरून पुढची जागा दिसली पाहिजे, नाहीतर माणूस हरवतो.

बारवेत उजेडाची पंचाईत असते. वर आभाळ पांढरंफटक, खाली काळोख. एकच फोटो काढला तर दोघांपैकी एक जातो. म्हणून एकाच जागी, कॅमेरा तसूभर न हलवता, कमी-मध्यम-जास्त उजेडाचे तीन किंवा पाच फोटो काढून ते एकत्र करायचे. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते. ढगाळ दिवस इथेही सोन्यासारखा. टायमर लावून कमानीआड लपा, नाहीतर प्रत्येक फोटोत तुम्ही वाकलेल्या चोरासारखे दिसाल.

अरुंद जिन्याची एक खोच आहे, ती मला कुणी सांगितली नव्हती. या कॅमेऱ्याला पाठीला पाठ लावलेली दोन भिंगं असतात आणि दोन चित्रांचा सांधा कॅमेऱ्याच्या दोन्ही कडांना येतो. सांध्यावर हातभर अंतरातली वस्तू आली की ती तुटलेली दिसते. आमच्या जिन्याच्या भिंतीचे दगड अर्धे अर्धे सरकलेले दिसत होते, भूकंप झाल्यासारखे. उपाय सोपा: भिंगांची तोंडं जवळच्या भिंतींकडे करा, म्हणजे सांधा जिन्याच्या लांबीकडे, दूरच्या भागावर जातो.

सहावी पायरी: आवाज

यावर लोक शेवटचा अर्धा तास देतात. माझ्या मते निम्मा वेळ द्यावा. डोळ्यांपुढे बारव आणि कानात शहरातला पंखा असेल तर सगळं खोटं वाटतं. बारवेत खाली उतरताना आवाज बदलतो. वरचा ट्रॅक्टर विरत जातो, पारव्यांची घूं घूं दगडावर आपटून दुप्पट होते, तळाशी थेंब पडतो तो ऐकू येतो. प्रत्येक जागी दोन मिनिटं कुणीही न बोलता आवाज टिपा. वाऱ्याची खरखर टाळायला मोबाईलच्या माइकवर सुती मोजा चढवा, चांगलं काम करतो.

निवेदन एका जागेला चाळीस-पन्नास सेकंदांपुरतंच. आणि ते पुण्यातल्या स्टुडिओतल्या गोड आवाजात करू नका. आमच्याकडे गावातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी केलं. दोन ठिकाणी खोकले, ते आम्ही तसंच ठेवलं.

सातवी पायरी: जे नाही ते दाखवताना

मोटा, बैल, वाहता पाट हे आता उरलेलं नाही. ते रेखाटून चढवता येतं, आणि इथेच हात सुटतो. एकदा बैल आले की शेतकरी येतो, मग पागोटं, मग सूर्यास्त, आणि मागे ढोल-ताशा. संगणकावर वारसा उभा करताना काय पाळावं यासाठी लंडन चार्टर नावाची एक आंतरराष्ट्रीय सनद आहे, २००६मध्ये केलेली आणि २००९मध्ये सुधारलेली. तिच्यातलं मला सर्वांत उपयोगी वाटलेलं तत्त्व असं की पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो हे पाहणाऱ्याला दिसलं पाहिजे. आम्ही साधा नियम केला: दगडात खूण आहे ते भरीव रंगात, गावकऱ्यांनी सांगितलं ते फिकट, आणि आमचा अंदाज नुसत्या तुटक रेषेत. बैल तुटक रेषेतच राहिले. गंमत म्हणजे मुलांना ते तुटक रेषेचे बैलच जास्त आवडले.

आठवी पायरी: जुळवणी आणि जपणूक

३६० अंशांचे फोटो जोडून फेरी तयार करायला पॅनेलम हे मोफत साधन आहे. फोटोची रुंदी उंचीच्या दुप्पट ठेवायची, जाण्याच्या जागांवर बाण, माहितीच्या जागांवर टिंब. जुन्या मोबाईलसाठी ४०९६ ठिपके रुंदीची प्रत, नव्यांसाठी दुप्पट. गावात नेटवर्क असेल असं धरूनच चालू नका. सगळं लॅपटॉपवर ठेवा. मात्र फाइलवर नुसतं दोनदा टिचकी मारली तर ब्राउझर अडवतो, छोटा लोकल सर्व्हर, म्हणजे लॅपटॉपवरूनच ब्राउझरला फाइल पुरवणारा प्रोग्राम, चालू करावा लागतो. हे आदल्या रात्री करून पाहा, यात्रेच्या सकाळी नाही. क्यूआर कोड लावायचा तर वेगळ्या खांबावर किंवा देवळाच्या सूचनाफलकावर. दगडावर डिंकाचा कागद चिकटवलेला दिसला की मला कापरं भरतं.

जपणुकीचं सांगायला अजिंठ्याची गोष्ट पुरेल. १८४४पासून रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून पुन्हा तेच काम केलं. त्यातल्याही बऱ्याच प्रतिकृती लंडनच्याच दुसऱ्या आगीत, १८८५मध्ये, गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत, आणि प्रत एकेकच, एकाच छपराखाली. आपली आग वेगळी असते: हार्ड डिस्क पडते, नाहीतर कंपनी सेवा बंद करते. गूगलचं टूर क्रिएटर २०२१मध्ये बंद झालं तेव्हा त्यावर फेऱ्या बनवून निश्चिंत बसलेल्या शाळांची धावपळ उडाली होती. म्हणून मूळ फोटो तीन ठिकाणी: एक घरी, एक मित्राकडे, एक ऑनलाइन. सोबत साधी मजकूर फाइल, त्यात तारीख, कॅमेरा, कुणी काढले, कुणी काय सांगितलं, परवानगीचं पत्र.

आणि गावाचं नाव न लिहिण्याचं कारण हे: सुट्या वीरगळांना, मूर्तींना गिऱ्हाईक असतं. उचलून नेता येईल अशी वस्तू जगाला दाखवताना तिचा नेमका पत्ता दाखवू नका. मोबाईल प्रत्येक फोटोत जागेची खूण गुपचूप लिहून ठेवतो; लोकांसाठीच्या प्रतीतून ती काढून टाका. बारव कुणी उचलून नेत नाही, पण आमचा वीरगळ तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

नववी पायरी: दाखवणं

पहिला खेळ गावातच. शहरातल्या महोत्सवात नंतर.

हेडसेट एकच असेल तर तासाला फार तर पंधरा माणसं होतात: तीन मिनिटं पाहणं, एक मिनिट पट्टा सैल-घट्ट करणं आणि पुसणं. यात्रेत दोनशे माणसं उभी असतात. म्हणून बाजूला मोठा टीव्ही आणि दोन टॅबलेट ठेवा. खरं तर निम्म्याहून जास्त लोक त्यावरच पाहतील आणि खूश असतील. वर्गात कागदी पुठ्ठ्याचे चष्मे चालतात, मोबाईल आत सरकवला की झालं. लहान मुलांसाठी हेडसेट कंपन्यांनी वयाची अट घातलेली असते, ती खोक्यावर वाचा आणि पाळा. त्यांना टॅबलेट द्या.

बसवूनच दाखवा. उभा माणूस तोल जाऊन पडतो. गोल फिरणारी खुर्ची सर्वांत उत्तम. आम्ही ग्रामपंचायतीतून सरपंचांची मागून आणली, आणि तीवर बसायला मिळतं म्हणूनही काही जण रांगेत लागले. चक्कर येते ती बहुधा चित्र आपोआप पुढे सरकत असेल तर. म्हणून चालतं दृश्य ठेवू नका, एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी न्या. शेजारी एक माणूस सतत हवा, खांद्याला हात लावून ‘मी इथेच आहे’ म्हणणारा. बायकांसाठी बाई असावी. चष्मा, आंबाडा, पदर, सगळ्याचा विचार आधी करा.

त्या दिवशी दुपारी एक आजी आल्या. सुनेने हात धरून खुर्चीवर बसवलं. हेडसेट चढवला, पहिल्याच जागी त्यांनी खाली पाहिलं आणि दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

‘आजी, पाय खाली सोडा, फरशीच आहे.’

‘पानी हाय की खाली.’

थोड्या वेळाने पाय खाली आले. मग त्या बोलायला लागल्या, आमच्याशी नाही, तिथल्या कुणाशी तरी. ह्या पायरीवर धुणं, इथे घागरी, इथे एकदा कुणाचा तरी पाय घसरला होता. सात नंबरच्या जागेवर, जिथे आम्ही फिकट रंगात थारोळं रेखाटलं होतं, तिथे त्या थांबल्या.

‘हे कुनी सांगितलं? थारुळं हिकडं नव्हतं. त्या अंगाला हुतं, चिंचंच्या. पाट बी तिकडनंच निघायचा.’

पोस्टमास्तरांनी सांगितलं होतं. ते तिथेच उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेच्या बाजूला गेलो. घाणेरीचं जाळं माजलेलं. काठीने बाजूला केलं तर मातीत घडीव दगडाची एक कड, आणि तिला पाटाकडे उतरणारी खाच. उकरलं नाही. पट्टी ठेवून फोटो काढले, जागेची नोंद केली आणि तालुक्याला इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना कळवलं. फेरीची दुसरी आवृत्ती महिन्याभराने झाली. त्यात थारोळं चिंचेच्या अंगाला आहे, भरीव रंगात. सात नंबरवर आता आजींचा आवाज आहे, आणि पोस्टमास्तरांचा तेवढाच भाग त्यांनी स्वतःहून काढायला लावला.